कायमची जागा

मार्लो, टेक्सास
१२ ऑक्टोबर १९९७

प्रिय फिल,

तुझं पत्र येईना म्हणून मीच लिहायला बसले. फोन केला असता, पण आपल्या घरचा फोन म्हणजे स्वयंपाकघरात, बरोबर आईच्या पलंगाच्या डोक्यावर. तुझ्याशी मनातलं काही बोलायला जावं तर मागून आईचा आवाज, "विचार तिला, जेवली का." आणि लिओ पलीकडून ओरडणार, "तिला म्हणावं, बिल वाढतंय." असल्या फोनपेक्षा कागद बरा.

इथं ऑक्टोबरातही अंगाची लाही होते. चर्चला जाताना मोजे घालायचे सोडून दिलेत, फादरनं अजून काही म्हटलेलं नाही. मी बरी आहे. गाडी घेतली. जुनीच आहे, पण आत गार वारा येतो. पिचर्स कोव्हच्या पोरीला आणखी काय पाहिजे?

आज वॉर्डात एकीनं विचारलं, तू तुझं गाव का सोडलंस. काय सांगणार? सांगितलं की आम्ही दोघी मैत्रिणी सेंट जॉन्सला एका खोलीत राहून नर्सिंग शिकलो. मग ती माझ्या भावाशी, लिओशी, लग्न करून माझ्या घरात शिरली आणि मी घराबाहेर पडले. ती खूप हसली. खरं कारण काही सांगितलं नाही. तुला पहिल्याच वर्षी दवाखान्यात कायमची जागा मिळाली. मी मात्र इतकी वर्षं टेलिफोनशेजारी बसून राहिले, की आज कुणी आजारी पडेल आणि मला बदलीवर बोलावतील. मग सरकारनं खाटा कमी केल्या तशी फोनची घंटाही वाजेनाशी झाली. त्या हॉटेलात टेक्सासची माणसं नर्सांची भरती करायला टेबल मांडून बसली होती आठवतं? येईल त्या नर्सच्या डोक्यावर टोपी घालत होती. आपण दोघी गेलो होतो. तू टोपी परत ठेवलीस, मी घालून आले.

आईच्या खुब्याच्या ऑपरेशनचं काय झालं? अजून नंबर लागला नाही का? इथं विम्याचं कार्ड असलं की आठवड्यात टेबलावर घेतात. कार्ड नसलं तर काय करतात ते विचारू नको.

लिओला म्हणावं, बिल नाही वाढलं.

तुझी,
कार्मेल


पिचर्स कोव्ह, न्यूफाउंडलंड
९ नोव्हेंबर १९९७

प्रिय कार्मेल,

पत्र मिळालं. आईला वाचून दाखवलं, मोज्यांचं सोडून.

इकडे धुकं आहे, आणि धुक्यात लिओ आहे. कॉडच्या मासेमारीवर बंदी आल्यापासून तो रोज बोट बघून येतो, जसं कुणी थडग्यावर जाऊन यावं. सरकारची मदत पुढच्या उन्हाळ्यात बंद होणार म्हणतात. निम्मं गाव कामासाठी आल्बर्टाला गेलं. रविवारी चर्चमध्ये आम्ही सगळे पुढच्या तीन बाकांवर मावतो.

दवाखाना आहे. डॉक्टर कधी असतो, कधी नसतो. नसतो तेव्हा मी असते. परवा शेजारच्या गावातल्या एका बाईचं बाळंतपण मीच केलं, हिमवादळामुळे रस्ता बंद होता. दवाखाना बंद होणार अशी आवई दर आठवड्याला उठते. रेडिओवर लोक फोन करकरून भांडतात, आणि मग चहा पितात.

ऑपरेशनचा नंबर लागलेला नाही. सेंट जॉन्सहून सांगतात, वाट बघा. आई तुझी आठवण काढते. परवा दुपारी मला म्हणाली, "कार्मेल शाळेतून आली नाही का गं अजून?"

तुझ्याकडे एक काम आहे. इथल्या एका नर्सच्या मनात टेक्सासला जायचं आहे. तिनं नाव सांगू नको म्हटलंय, गाव केवढं ते तुला माहीत आहे. परवान्याची परीक्षा कशी असते, सीमेवर काय विचारतात, तुझ्या वॉर्डाची हेड नर्स कशी आहे, हे सगळं सविस्तर लिहिशील? तिच्या मनात फार दिवसांपासून आहे, पण सांगायला कुणी नाही.

तुझी,
फिल


मार्लो, टेक्सास
१४ डिसेंबर १९९७

प्रिय फिल,

आईचं "शाळेतून आली का" वाचून मला एवढं हसू आलं की शेजारीण डोकावून गेली. म्हातारीची जीभ अजून तशीच आहे म्हणायची. मी चाळिशीला आले तरी तिच्या लेखी शाळेतच. तिला सांग, मास्तरणीनं वर्गात थांबवून घेतलंय.

तुझ्या त्या मुलीला सांग, परीक्षा अवघड नाही. आपल्याला मेरी सिस्टरनं जे काठीनं शिकवलं त्यातलंच सगळं आहे, फक्त औषधांची नावं वेगळी. सीमेवर दवाखान्याचं पत्र दाखवायचं, नम्रपणे बोलायचं, आणि नवऱ्याला बोलू द्यायचं नाही. नवरा असला तर त्याला इथं काम करायची परवानगी नसते, हे तिला आधीच सांग.

हेड नर्स डोरोथिया. मोठ्या बांध्याची, मोठ्या मनाची बाई. आमच्यावर आईसारखी माया करते. वॉर्ड स्वच्छ, यंत्रं नवी, चादरी बदलायला वेगळी माणसं. मी डोरोथियाजवळ विषय काढला. म्हणाली, तुमच्या बेटावरची असली तर डोळे मिटून घेईन. मुलगी हुशार असेल तर तिनं अजिबात मागेपुढे बघू नये. सोबत पत्ता देते.

फिल, एक सांगू? नाताळ आला की इथं मन लागत नाही. काल दुकानात खारं मांस मिळतं का म्हणून विचारलं, पोरगा म्हणाला, बाई, तब्येतीला चांगलं नसतं. मला रडू आलं, दुकानात. आपल्या दवाखान्यात एक कायमची जागा असती तर मी पोहत आले असते.

तुझी,
कार्मेल


पिचर्स कोव्ह
२२ फेब्रुवारी १९९८

प्रिय कार्मेल,

तू सविस्तर लिहिलंस, फार उपयोग झाला. ती परीक्षा पास झाली. डोरोथियाचं पत्रही तिला आलं. ती तुझे उपकार मानते.

आता तुझ्या कामाचं. दवाखान्यात एक जागा रिकामी होतेय. कायमची. कोण सोडतंय ते अजून बाहेर फुटलेलं नाही, म्हणून विचारू नको. मी वरच्या साहेबांशी बोलले. ते म्हणाले, कार्मेल डॉलिमाउंट येत असेल तर जाहिरातसुद्धा देणार नाही, पण तिनं एप्रिलच्या आत कळवावं. गावाला दुसऱ्या कुठल्या नर्सची गरज नाही, गावातलीच पाहिजे.

आईलाही तुझी गरज आहे. हे मी नीट विचार करून लिहितेय. तिच्या पोटच्या पोरीनं जवळ असावं असे दिवस आलेत. मी सून आहे, माझ्या हातून होईल तेवढं मी केलं.

तू येतेस का नाही, एवढं एका ओळीत कळव.

फिल


मार्लो, टेक्सास
१५ मार्च १९९८

लाडके फिल,

येते.

एका ओळीत कळव म्हणालीस म्हणून कळवलं, आता पुढचं वाच. साहेबांना पत्र टाकलं, त्यांचा होकारही आला. डोरोथियाकडे माझा दुसऱ्यांदा केलेला दोन वर्षांचा करार चालू होता, मला वाटलं होतं ती आकांडतांडव करील. पण तिनं लगेच सोडलं. तुझ्या त्या मुलीचे पाय सोन्याचे गं. ती येतेय म्हणून माझी सुटका झाली. तिचं नाव मी मुद्दाम विचारलं नाही, माझी खोली मात्र तिच्यासाठी ठेवून येतेय.

मला काल रात्रभर झोप नाही. आपण दोघी एका वॉर्डात! सिस्टर म्हणायची ना, डॉलिमाउंट आणि हेनेबेरीला एका पाळीत ठेवू नका, पेशंट हसून टाके तोडतात. आता आपल्याला अडवणारं कोण आहे? तू दुपारी घरी आलीस की मी निघेन, मी आले की तू. आईला एक मिनिट एकटं राहावं लागणार नाही. लिओला म्हणावं, दोन नर्स घरात असल्यावर तुला आजारी पडायची सोय नाही.

तू मला घरी बोलावलंस. आईनं कधी बोलावलं नाही, लिओनं नाही, तू बोलावलंस. हे मी विसरणार नाही.

मे महिन्यात पोचते. गाडी विकली.

कार्मेल


पिचर्स कोव्ह
१९ एप्रिल १९९८

प्रिय कार्मेल,

तुझं सगळं वाचलं. जपून ये. सेंट जॉन्सहून येणाऱ्या व्हॅनवाल्याला सांगून ठेवलंय, तो घरापर्यंत सोडेल. समुद्रात अजून बर्फ आहे, गरम कपडे घाल.

तू येशील तेव्हा स्टोव्ह पेटलेला असेल. शेजारची ट्रेसा कीफ येऊन जाऊन असते.

फिल


पिचर्स कोव्ह
२४ मे १९९८

फिलोमिना,

तुझा पत्ता मला शोधावा लागला नाही. तो माझाच पत्ता आहे. माझी खोली, माझी घरमालकीण, माझी टपालपेटी. डोरोथियानं तुला माझं कपाटसुद्धा दिलं असेल.

काय झालं ते तुला ठाऊक आहेच, तरी लिहिते. तू बघायला नव्हतीस.

व्हॅनवाला वाटभर गप्प होता. तेव्हाच मला कळायला हवं होतं, आपला व्हॅनवाला कधी गप्प बसत नाही. स्टोव्ह खरंच पेटलेला होता. पण तुझा कोट खुंटीला नव्हता, लिओचे बूट दाराशी नव्हते. ट्रेसा ओट्याशी उभी राहून लापशी ढवळत होती. मी विचारलं, "फिल ड्युटीवर आहे?"

ट्रेसानं पळी खाली ठेवली. "अगं, ते दोघं मंगळवारीच गेले की. फिल म्हणाली, कार्मेलला सगळं माहीत आहे. तिनंच तर टेक्सासला लावून दिलं."

"कुणाला लावून दिलं?"

"फिलला. दुसऱ्या कुणाला?"

मी बॅग हातातच धरून उभी होते. मग पलंगाकडे गेले. आई किती लहान झाली आहे. तिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या टोपीकडे पाहिलं, आणि ट्रेसाला विचारलं, "ही कोण बाई आली गं? हिला चहा दे, आणि म्हणावं, फिल घरी नाही."

तू लिहिलं होतंस, आई तुझी आठवण काढते. ती शाळेतल्या पोरीची आठवण काढते, फिल. मला ती ओळखत नाही. हे कधीपासून आहे? तू रोज तिला न्हाऊ घालत होतीस, तुला नक्की माहीत असणार. मी हसले होते त्या पत्राला. तू मला हसू दिलंस.

सोमवारी दवाखान्यात गेले. साहेब खाली मान घालून बोलले. जूनपासून खाटा बंद. बाळंतपण नाही, भरती नाही. उरतो तो दिवसाचा दवाखाना, आठवड्यातून एकदा डॉक्टर आणि एक नर्स. ती मी. कायमची. म्हणाले, "फिलला डिसेंबरातच कळवलं होतं, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

रिकामी होणारी जागा तुझी होती. टेक्सासला जाणारी मुलगी तू होतीस. तुझी सगळी पत्रं पुन्हा वाचली. एकही खोटा शब्द सापडला नाही. आख्ख्या पत्रव्यवहारात खोटं असं काही नाही, आणि सगळंच खोटं आहे. हे तू शिकलीस कुठं?

लिओला सांग, त्याची बहीण विचारत होती, म्हाताऱ्या आईला शेजारणीच्या हवाली करून जाताना तिला तो काय सांगून गेला.

कार्मेल


मार्लो, टेक्सास
५ जुलै १९९८

कार्मेल,

तू विचारलंस म्हणून सांगते. लिओ तिला म्हणाला, "आई, बोटीवर जाऊन येतो."

मी माफी मागायला लिहीत नाही. तुला खरं हवंय ना, मग घे. मी तुला सरळ लिहिलं असतं, "मला इथून जायचं आहे, तू ये आणि तुझ्या आईला सांभाळ," तर तू आली असतीस? मनाला विचार. तू एक लांबलचक प्रेमळ पत्र लिहिलं असतंस आणि सोबत भेटवस्तूंची पेटी पाठवली असतीस. दर नाताळाला पाठवायचीस तशी. त्यात संत्र्याची साबणं असायची. त्या साबणांनी मी तुझ्या आईचं अंग धुतलं, कार्मेल, तिला समजत होतं तेव्हा आणि समजेनासं झालं तेव्हाही. एकदा तिनं माझ्या तोंडावर गरम चहा फेकला. मी तुला लिहिलं होतं, आईच्या हातात अजून जोर आहे. तू लगेच मान्य केलंस. तुला तेच ऐकायचं होतं.

डिसेंबरात साहेबांनी सांगितलं की खाटा जाणार. म्हणजे काय? ज्या वॉर्डात मी उभं आयुष्य काढलं तिथं मला खोल्यांना कुलपं लावायला ठेवणार. लिओची मदत संपत होती. आम्हाला मूल नाही, तू बघतेस ना, म्हातारपणी आम्हाला कोण बघणार होतं? मी इतकी वर्षं त्या गावाला टिकवून धरलं. सगळे गेले. तू गेलीस. हॉटेलातून टोपी घालून आलीस त्या दिवशी रात्री मी मोरीत जाऊन रडले होते. तुला माहीत नाही, कारण तू सामान भरत होतीस.

जागा एकच होती, आणि ती आळीपाळीनं भरायची होती. माझी पाळी संपली.

फिल


पिचर्स कोव्ह
२० सप्टेंबर १९९८

फिलोमिना,

पाळी संपली की माणूस पुढच्या नर्सला पेशंटची हकीकत सांगून जातं. कोण झोपलंय, कुणाला काय दिलंय, कुणाकडे लक्ष ठेवायचं. पहिल्या दिवशी हेच शिकवतात. तू चपला घालून मागच्या दारानं गेलीस.

इथली हकीकत तुला कळवायचं कारण नाही, पण गाव अजून तू सुट्टीवर असल्यासारखं बोलतं, म्हणून लिहिते. गेल्या आठवड्यात ऑगस्टीन ब्रेन्टनच्या छातीत कळ आली. तुझ्या वेळी त्याला पाच मिनिटांत खाटेवर घेतलं असतं. मी त्याला व्हॅनच्या मागच्या सीटवर आडवा केला आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन धुक्यातून निघाले. वाटेत भल्यामोठ्या शिंगांचा मूस आडवा आला. ऑगस्टीन म्हणाला, "कार्मेल, माझ्या जागी त्यालाच मारलं असतं तर हिवाळाभर पुरला असता." मोठ्या रस्त्याला लागायच्या आधी तो गेला. त्याची बायको मला म्हणाली, "फिल असती तर." खाटाच नाहीत, फिल असती तरी काय केलं असतं? पण मी ते बोलले नाही. तू इथं नसूनही या गावात तुझी जागा कायमची आहे.

सेंट जॉन्सहून ऑपरेशनची तारीख आली होती. तिथल्या तरुण सर्जननं आईशी दोन वाक्यं बोलून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आता हिला चालून कुठं जायचंय?" परत घेऊन आले.

आई माझ्या हातून जेवत नाही. ट्रेसाच्या हातून थोडं खाते. दिवसभर दाराकडे बघते आणि विचारते, "फिल कधी येणार?" मी पोटची पोर समोर बसलेली असते. तुला हे कळावं अशी माझी इच्छा नव्हती. मग वाटलं, कळू दे. तुलाही ते वागवू दे.

कार्मेल


मार्लो, टेक्सास
१५ नोव्हेंबर १९९८

कार्मेल,

ऑगस्टीनची बातमी लिओनं ऐकली आणि तो जिन्यावर जाऊन बसला. तो दिवसभर तिथंच असतो. काम करायची परवानगी नाही, पाणी दिसत नाही. समोरच्या वाहनतळावर एक बोट उभी आहे कुणाची तरी, गाडीला जोडायची. ती बघत बसतो.

तू हकीकत सांगायची गोष्ट काढलीस. बरं झालं. तू मला काय सांगून गेलीस ते आता आपण बघू.

तू लिहिलंस, डोरोथिया आईसारखी. वॉर्ड स्वच्छ. मुलगी हुशार असेल तर मागेपुढे बघू नये. इथं मी पहिल्याच आठवड्यात बघितलं. आपल्याकडे दोघींनी मिळून सांभाळायचे तेवढे पेशंट इथं एकटीनं. सकाळी जिचा स्तन काढला ती बाई संध्याकाळी नळ्यांसकट घरी, कारण विमा कंपनीतल्या माणसानं फोनवरून सांगितलं. मी तिच्या नवऱ्याला नळी रिकामी करायला शिकवली. तो दुकानदार होता, किती निघालं ते बिलाच्या मागे लिहून घेत होता. मी म्हटलं, हिला आज नाही पाठवता येत. डोरोथिया म्हणाली, "तुम्ही बेटावरच्या सगळ्या सुरुवातीला असंच म्हणता."

मग तिनं मला त्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. तू एकटी होतीस, दुसऱ्या खोलीत एकाचा श्वास अडकला होता, आणि म्हातारा न्हाणीघरात पडून दगावला. चूक तुझी नव्हती. मी तुला दोष देत नाही. पण त्यानंतर तू त्या खोलीत पाऊल ठेवत नव्हतीस, आणि डोरोथियाच्या पाया पडत होतीस की मला करारातून सोडा. ती म्हणाली, बदली आणून दे आणि जा. तेव्हाच माझं पत्र तुला आलं. एका अनोळखी मुलीसाठी.

तू त्या मुलीला काय लिहिलंस, कार्मेल? ती कुणाची तरी लेक असेल, कुणाची बहीण, असं तुझ्या मनात आलं का? तुला माहीत नव्हतं ती मी आहे. म्हणून तू काही माझा विश्वासघात केला नाहीस. तू तिचा केलास. ती मी निघाले, एवढंच.

माझ्या पत्रांत खोटं काही नव्हतं. तुझ्यात होतं.

आई माझं नाव घेते ते वाचलं. तिला लापशी पातळ लागते, आणि मीठ आधी घालायचं असतं, नंतर नाही. चमचा डावीकडून. आणि बोलत राहायचं. काहीही बोल, पण थांबू नको. थांबलीस की तिला भीती वाटते.

फिल


पिचर्स कोव्ह
१७ जानेवारी १९९९

फिल,

तुझं पत्र वाचून मी दोन महिने उत्तर दिलं नाही. त्या मुलीबद्दल तू लिहिलंस ते बरोबर आहे. तू केलंस ते त्यामुळे धुतलं गेलं असं समजू नको. माझ्या मनातून ते जात नाही. सकाळी स्टोव्ह पेटवताना रोज आठवतं, की तू तो पेटवायला सांगून गेली होतीस.

पण आईचं तुला सांगायला हवं, म्हणून लिहितेय.

नाताळानंतर तिनं ट्रेसाच्या हातूनही खाणं सोडलं. तोंड घट्ट मिटून घ्यायची. डॉक्टर बुधवारी आला, म्हणाला, म्हाताऱ्या माणसांचं असंच होतं, सक्ती करू नका. तो गेल्यावर मी लापशी केली. पातळ, मीठ आधी. डावीकडे बसले. हवेचं बोलले, बर्फाचं बोलले, बिंगोत कीफच्या बाईनं जिंकलेल्या घोंगडीचं बोलले. तिनं डोळे उघडले.

"फिल आली का?"

किती वेळा मी म्हटलं असेल, नाही आई, मी कार्मेल आहे. प्रत्येक वेळी तिचा चेहरा पडायचा आणि तोंड मिटायचं. त्या दिवशी माझ्यात ताकद नव्हती. मी म्हणाले, "हो आई. आले."

"उशीर केलास."

"दवाखान्यात काम होतं."

"खूप होतं का?"

"खूप होतं. खाटा भरल्यात सगळ्या."

तिनं तोंड उघडलं. अर्धी वाटी खाल्ली, फिल. मग माझा हात धरला. ती माझा हात कधी धरत नसे, लहानपणीसुद्धा. गावातल्या बायका पोरींचे हात धरत नाहीत.

तेव्हापासून घरात माझं नाव फिल आहे. ट्रेसासुद्धा तिच्यासमोर मला तसंच हाक मारते. सुरुवातीला माझ्या जिवाला फार लागलं. माझी टेक्सासची जागा तू घेतलीस, ते मी गिळलं. पण माझ्या आईपाशी बसायलाही मला तुझं नाव लावावं लागतं, हे मला गिळता येत नाही. आणि तिला भरवायचं आहे, म्हणून रोज गिळते.

काल दुपारी तिला न्हाऊ घातलं. केस विंचरत होते. ती एकदम स्वच्छ आवाजात म्हणाली, "फिल, तू कार्मेलची वाट बघू नको."

मी विचारलं, "का?"

"ती यायची नाही. ती तिकडे सुखात आहे. तिला इथलं काही नको होतं, मला ते कधीच कळलं होतं. तिला दोष देऊ नको, तिचा स्वभावच तसा आहे." मग म्हणाली, "तू मात्र जाऊ नको गं. सगळे जातात. तू नको जाऊ."

विंचरताना माझा हात थांबला होता. ती घाबरायला लागली, म्हणून मी पुन्हा बोलायला लागले.

म्हटलं, "नाही आई. मी कुठं जाते?"

कार्मेल